उन्हाळ्यात गाडीचा एसी: हवा कुठून घ्यायची आणि कुठे सोडायची

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळ्यातल्या एसीवाल्यांकडे गाड्या उभ्या राहायला लागतात आणि गाडीतून उतरणारा माणूस बहुधा एकच वाक्य म्हणतो, "गॅस भरी दे, भाऊ." काही गाड्यांमधला गॅस खरंच कमी झालेला असतो. पण बऱ्याच गाड्यांमध्ये गॅस जागेवर असतो, थंडावाही तयार होत असतो, फक्त हवा चुकीच्या वाटेने येत असते किंवा चुकीच्या जागी जात असते. भर उन्हात बाहेरच्या हवेचं बटण लावलेलं, फिल्टरमध्ये निंबाचा पाला अडकलेला, डॅशबोर्डावरच्या, हवा सोडणाऱ्या जाळ्यांची तोंडं पोटाकडे वळवलेली. पहिलीच गाडी घेतली असेल आणि डॅशबोर्डावरच्या बाणांच्या चित्रांचा अर्थ कोणी सांगितला नसेल, तर गॅरेजला जाण्याआधी एवढं समजून घ्या.

हवेची वाट

समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, काळ्या प्लास्टिकची जाळी दिसते. बाहेरची हवा गाडीत शिरते ती इथून. पुढच्या ग्रिलमधून नाही, तशी अनेकांची समजूत असते. ही हवा डॅशबोर्डच्या मागे, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असलेल्या पेटीत येते. त्या पेटीच्या तोंडाशी एक फ्लॅप असतो. तो एका बाजूला झुकला की बाहेरची हवा येते, दुसऱ्या बाजूला झुकला की बाहेरची वाट बंद होते आणि गाडीतलीच हवा पुन्हा ओढली जाते. आतली हवा ओढण्याचं तोंड साधारण डाव्या सीटवाल्याच्या पायांच्या वर, ग्लोव्ह बॉक्सखाली असतं. तिथे पिशव्या, डबे, चादरी कोंबल्या की एसीचा श्वास कोंडतो.

फ्लॅपनंतर फिल्टर आणि ब्लोअर. ब्लोअर म्हणजे पिंजऱ्यासारखा गोल पंखा. एक ते चार आकड्यांची चकती फिरवता तेव्हा याचाच वेग बदलतो. ब्लोअरने ढकललेली सगळी हवा मग कूलिंग कॉइलमधून जाते. एसी चालू असेल तर कॉइलच्या पातळ पत्र्यांना हवेतली उष्णता जाते, आणि त्याबरोबर हवेतला ओलावाही तिथेच पाणी होऊन ठिबकतो. उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं ते हेच. गळती समजून घाबरू नका. ओलावा काढण्याचं हे काम लक्षात ठेवा, पावसाळ्यात त्याचाच उपयोग होणार आहे.

कॉइलच्या पुढे हीटरची छोटी जाळी असते. इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. कॉइल आणि हीटर यांच्यामध्ये आणखी एक फ्लॅप असतो आणि तापमानाची चकती तो फ्लॅप हलवते. चकती पूर्ण निळ्याकडे असली तर थंड हवा हीटरला न शिवता थेट पुढे जाते. थोडी लालकडे नेली की काही हवा हीटरवरून जाऊन येते आणि दोन्ही मिसळतात. म्हणजे बऱ्याच साध्या, चकतीवाल्या गाड्यांत "एसी थोडा कमी करतो" म्हणून चकती मध्यावर आणली, तर एसीचं काम कमी होत नाही. आपण थंड केलेल्या हवेत गरम हवा मिसळत असतो. अशा गाडीत मे महिन्यात चकती निळ्याच्या टोकालाच ठेवा आणि जास्त गार वाटलं तर ब्लोअरचा वेग उतरवा. हीटर नसलेल्या काही स्वस्त मॉडेलांत ही चकती वेगळं काम करते, ती कॉइल किती गार होऊ द्यायची ते ठरवते. तुमच्या गाडीत काय आहे ते पुस्तिकेत सापडेल.

शेवटचे फ्लॅप दिशेचे: तोंडाकडे, पायाकडे, काचेकडे. माणसाच्या चित्रावरचे बाण म्हणजे हेच.

आता आत आलेली हवा बाहेरही पडायला हवी. घरच्या कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. गाडीलाही तशी खिडकी लागते आणि ती कारखान्यातूनच दिलेली असते. मागच्या बंपरच्या आड, डिकीच्या बाजूला रबरी पडदे असलेली तोंडं असतात. आतला दाब वाढला की पडदे उघडतात, हवा निघून जाते. डिकीत गव्हाची पोती, केळीचे घड आणि वर गोधड्या असं गच्च भरलं की ही वाट अडते आणि बाहेरची हवा घेणारं बटण लावूनही हवा जोरात येईनाशी होते. आखाजीला माहेरवाशिणीला घेऊन येताना बहुतेक गाड्यांची हीच अवस्था असते.

तापलेल्या गाडीत बसल्यावर

जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतली हवा ६० अंशांच्या पुढे सहज जाते. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग त्याहून तापतात. अशा गाडीत बसून लगेच काचा बंद करून एसी लावणं म्हणजे साठ अंशांची हवा थंड करायचं काम कॉइलवर टाकणं. बाहेरची ४४ अंशांची हवासुद्धा आतल्या हवेपेक्षा गार आहे, तर आधी तिचाच उपयोग करा.

सगळी दारं उघडून क्षणभर थांबा. मग समोरासमोरच्या दोन काचा खाली करून गाडी सुरू करा, एसी लावा, ब्लोअर पूर्ण वेगाने, हवा बाहेरची, आणि लगेच निघा. उभ्या जागी पाच मिनिटं एसी चालवत बसण्यात फारसा अर्थ नाही. इंजिन मंद फिरतं तेव्हा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, तोही मंद फिरतो, आणि रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरला, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, पंख्याच्या हवेवरच भागवावं लागतं. गाडी चालू लागली की समोरून वारा मिळतो आणि गॅसमधली उष्णता झपाट्याने बाहेर टाकली जाते. म्हणूनच धुळ्याच्या बायपासवर उत्तम चालणारा एसी जळगावच्या सिग्नलला ढिला पडतो. थोडासा फरक पडणं हा बिघाड नव्हे.

मिनिट-दोन मिनिटांनी काचा बंद करा आणि आता आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो, ते बटण. खानदेशच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फरक या एका बटणाने पडतो. ते लावलं नाही तर कॉइलला दर क्षणी ४४ अंशांची नवी हवा गार करावी लागते. लावलं की आधीच ३० वर आलेली हवा तिच्याकडे परत येते, मग २७ वर आलेली. जुन्या गाड्यांत बटणाऐवजी सरकवायची पट्टी असते आणि ती अर्ध्यावर अडकलेली असणं अगदी नेहमीचं. टोकापर्यंत सरकवून "टक" असा आवाज येतो का ते पाहा.

मात्र हे बटण तासन्‌तास लावून ठेवू नका. पाच माणसं बंद डब्यात तीच हवा श्वासात घेत-सोडत असतात. कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, जांभया सुरू होतात, आणि जेवण करून धुळे-सुरत महामार्गावर निघालेल्या चालकाला हे परवडणारं नाही. साधारण अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा घ्या, मग पुन्हा आतली. काही नव्या गाड्या हे आपोआप करतात. गोल बाणाचा दिवा मध्येच विझला तर तो बिघाड नसतो. पुढे धूर सोडणारा ट्रक असेल, रस्त्याच्या कामाची धूळ असेल किंवा हंगामात जिनिंगजवळून जाताना कापसाचा भुगा उडत असेल, तेव्हा अर्थातच आतलीच हवा बरी.

जाळ्यांची दिशा

थंड हवा जड असते, ती खाली उतरते. त्यामुळे जाळ्या पोटाकडे किंवा गुडघ्यांकडे वळवल्या तर थंडावा पायाशी साचतो आणि डोकं तापलेलंच राहतं. जाळ्यांची तोंडं थोडी वर करा, हवा माणसांच्या डोक्यावरून मागे गेली पाहिजे. थेट चेहऱ्यावरचा झोत पहिली पाच मिनिटं छान वाटतो, नंतर डोळे कोरडे पडतात आणि लहान मुलं कुरकुरतात.

छोट्या गाडीत मागे जाळ्या नसतात. तिथे मधल्या दोन जाळ्या मागच्यांच्या मालकीच्या समजा: तोंड वर आणि आतल्या बाजूला, म्हणजे झोत दोन सीटच्या मधून मागे जाईल. चालक आणि शेजारच्याने कडेच्या जाळ्यांवर समाधान मानायचं. आजी मागे बसली असेल तर यावर वाद नको. मागे जाळ्या असलेल्या अनेक गाड्यांतही वेगळी थंडी तयार होत नसते, पुढच्याच हवेचा एक फाटा पाइपातून मागे नेलेला असतो. मोठ्या सात आसनी गाड्यांपैकी काहींत मात्र छताजवळ स्वतंत्र कॉइल आणि ब्लोअर असतो. तो गाडीतलीच हवा ओढतो, म्हणून पुढे बाहेरची हवा चालू ठेवली की मागचाही थंडावा पडतो.

रिकाम्या सीटसमोरची जाळी बंद करायला हरकत नाही, उरलेल्यांचा झोत वाढतो. पण तीन जाळ्या मिटून एकीतूनच सगळी हवा काढायला जाऊ नका. एकूण वारा घटतो आणि कॉइलवरून पुरेशी हवा फिरत नाही.

यातूनच एक गमतीचा प्रकार घडतो. आतली हवा, ब्लोअर एकवर, चकती निळ्याच्या टोकाला, असं तास-दीड तास चालवलं की हवेचा जोर हळूहळू मरतो. ब्लोअरचा आवाज तेवढाच असतो. कॉइल इतकी गार झाली की तिच्यावर बर्फ धरला आणि हवेला जायला जागाच उरली नाही. कॉइल गोठू नये म्हणून गाडीत सेन्सर असतो, तरी जुन्या गाडीत किंवा गॅस कमी असताना हे होतं. एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालूच ठेवा. दहा मिनिटांत बर्फ वितळतो आणि वारा परत येतो. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या. वारंवार व्हायला लागलं तर दाखवा.

चढाचं एक. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी भरलेली असेल आणि इंजिनच्या तापमानाची सुई चढायला लागली, तर एसी बंद करा. नाही केला तरी अनेक गाड्या स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतात आणि हवा अचानक गरम येते. सुई फारच वर गेली तर काचा उघडून हीटर पूर्ण लावा, ब्लोअर पूर्ण वेगाने. इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते. उन्हाळ्यात हे करणं जिवावर येतं, पण इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेलं तर येणाऱ्या खर्चापेक्षा बरं. मग सुरक्षित जागा पाहून थांबा.

आणि लग्नसराईत मांडवाबाहेर गाडी चालू ठेवून, काचा बंद करून, एसीत झोप काढणारे चालक दिसतात. असं करू नका. सायलेन्सरचा धूर गळतीतून किंवा बाहेरच्या हवेच्या जाळीतून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत ते कळतही नाही. आतली हवा फिरवण्याचं बटण लावलं म्हणून धोका टळत नाही. मुलांना बंद गाडीत "दोन मिनिटं" ठेवून दुकानात जाणं तर मे महिन्यात अजिबात नको.

पावसाळा आणि काचेवरची वाफ

जुलैत शहाद्याहून तोरणमाळला निघालात की सातपुड्याच्या घाटात काच धुरकट होणारच. आधी बोटाने आतून एक रेघ ओढा. रेघ उमटली तर वाफ आतून आहे, नाही उमटली तर बाहेरून. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत आणि इथेच लोक गोंधळतात.

आतली वाफ म्हणजे तुमचा श्वास, ओले कपडे, ओल्या चपला. हा ओलावा गार काचेला लागून पाणी होतो. काचेकडे बाण असलेलं चित्र निवडा, एसी चालू करा, हवा बाहेरची घ्या, तापमान थोडं उबेकडे न्या. हवा आधी कॉइलवर कोरडी होते, मग हीटरवरून थोडी गरम होते, आणि अशी कोरडी उबदार हवा काचेवरचं पाणी भराभर उचलते. बाहेर पाऊस असताना बाहेरची हवा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण आतली हवा फिरवत ठेवली तर सगळ्यांच्या श्वासाचा ओलावा गाडीतच साचत राहतो. बाहेरच्या हवेचा ओलावा कॉइल काढून घेते. पुष्कळ गाड्यांत काचेचं चित्र निवडताच कॉम्प्रेसर स्वतः सुरू होतो आणि फ्लॅप बाहेरच्या हवेकडे जातो. गॅरेजवाल्याला सांगून ते बंद करून घेऊ नका.

बाहेरून वाफ धरली असेल तर काच एसीमुळे बाहेरच्या दमट हवेपेक्षा जास्त गार झालेली आहे. वायपर एकदा फिरवा, झोत काचेवरून हटवून तोंडाकडे किंवा पायाकडे न्या, तापमान दोन-तीन अंश वाढवा. इथे काचेवर आणखी थंड हवा सोडली तर वाफ परत धरते. नवापूरकडे जाताना कोंडाईबारीच्या घाटात भर पावसात, एसी जोरात असेल, तर हा प्रकार हमखास.

मागच्या काचेवरच्या तांबूस रेघांचा हवेशी संबंध नाही. त्या विजेच्या तारा आहेत, त्यांचं बटण वेगळं.

हिवाळा

सारंगखेड्याच्या यात्रेला डिसेंबरात पहाटे निघणाऱ्यांना हीटर लागतो. इंजिनचं पाणी तापल्याशिवाय हीटर तापत नाही, म्हणून पहिले काही किलोमीटर ब्लोअर बंदच ठेवा, नाहीतर गार वारा अंगावर येतो. सुई हलली की झोत पायाकडे. गरम हवा आपोआप वर चढते. काच धुरकट झाली तर हीटरबरोबर एसीही लावा. दोन्ही एकदम चालतात, गाडीचं काही बिघडत नाही.

ऑटोमॅटिक असेल तर

तापमानाचा आकडा दिसणाऱ्या गाडीत वरचे सगळे फ्लॅप छोट्या मोटरी हलवतात आणि ब्लोअरही गाडीच ठरवते. २४ लावा आणि हात काढून घ्या. "लो" लावल्याने गाडी लवकर थंड होत नाही. तापलेली असताना ती तशीही पूर्ण जोर लावतेच. या गाड्यांत डॅशबोर्डवर, समोरच्या काचेजवळ, काळ्या बटणासारखा उन्हाचा सेन्सर असतो. नेमकी तीच जागा गणपतीच्या मूर्तीला किंवा डॅशबोर्डच्या झालरीच्या कापडाला मिळते. सेन्सर झाकला गेला की गाडीला वाटतं ऊन नाही. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास आतलं तापमान मोजणारी बारीक जाळीही असते. तिथे मोबाइलचा स्टँड चिकटवू नका.

फिल्टर, पाला, वास

आपल्याकडे सावली म्हणजे निंब. फेब्रुवारी-मार्चात निंबाची पानगळ होते आणि वायपरखालच्या जाळीत पाला साचतो. काही पानं फिल्टरपर्यंत जातात, फिल्टर नसलेल्या गाडीत थेट ब्लोअरमध्ये, मग खरखर आवाज येतो. त्याहून वाईट म्हणजे जाळीखालची पाणी जायची भोकं तुंबतात आणि पहिल्या पावसात डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा भिजतो. पानगळीत आठवड्याला एकदा हाताने पाला काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

केबिन फिल्टर स्वतः बदलता येतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, त्याच्या दोन्ही कडा आत दाबून तो खाली लोंबू द्या, मागे आडवं किंवा उभं झाकण दिसेल. फिल्टर ओढताना वरची बाजू कुठली होती ते बघून ठेवा. नव्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो. कंपन्या साधारण १०-१५ हजार किलोमीटरला बदलायला सांगतात. शेतरस्त्यांवर गाडी जात असेल तर पाच हजाराला उघडून बघा. काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक असते, फिल्टर वरून बरा दिसतो आणि घडी उकलली की करडा निघतो. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या झोताने तो एखाद्या वेळी झटकता येतो, पाण्याने धुऊ नका. काही स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते पण फिल्टर दिलेलाच नसतो. विकत घेऊन बसवा.

एसी लावताच ओलसर, कुबट वास येत असेल तर तो भिजलेल्या कॉइलवर धरलेल्या बुरशीचा. घर यायला दोन-तीन मिनिटं असताना एसी बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालू ठेवला की कॉइल सुकते. गाडीत लटकवायचे सुगंधी डबे हा त्यावर उपाय नाही.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"एसी चालत नाही" म्हटलं की गॅसचं मीटर लागतं. त्यापेक्षा काय होतं ते नेमकं सांगा. हवेचा जोरच कमी आहे, पण जी येते ती गार आहे: फिल्टर, ब्लोअर किंवा बर्फ. हवा फक्त शेवटच्या वेगावर येते, एक-दोन-तीनवर काहीच नाही: ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलेला असतो, तुलनेने स्वस्त काम. डॅशबोर्डमागून टकटक आवाज आणि दिशा बदलत नाही: फ्लॅपच्या मोटरीचा दात तुटला किंवा केबल सुटली. गाडी पळताना गार, उभी असताना अगदीच गरम: कंडेन्सरचा पंखा किंवा कंडेन्सरमध्ये बसलेली माती. जोर भरपूर, पण हवा कधीच गार नाही: आता गॅस, कॉम्प्रेसर किंवा तापमानाचा अडकलेला फ्लॅप तपासायला सांगा.

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. ठळकपणे कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. म्हणून भरण्याआधी गळती शोधायला सांगा, मग व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढून, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमच्या मापानेच भरायला सांगा. हे स्टिकर बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला असतं. गॅसचा प्रकारही तिथेच लिहिलेला असतो, बहुधा आर-१३४ए. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढून एसी आणखी ढिला पडतो.